बुजमाचा भित्रा नाग

बुजमाला आम्ही सगळे ‘नागाची आई’ म्हणायचो. मराकेशच्या चौकात नाग खेळवणारे आम्ही नऊ जण, एकाच पीराला मानणारे, आणि त्यात बावळट हा एकटाच. मी डफ वाजवतो. तोंडाने फटकळ आहे, तेव्हा झालं तसं सांगतो.

वसंतात पकडणाऱ्यांनी दक्षिणेकडून नवे नाग आणले. बुजमाच्या वाट्याला आलेला काळा नाग इतका बिथरलेला, की नुसती सावली पडली तरी फूत्कारून पेटीच्या फळीवर डोकं आपटायचा. दोन दिवसांत नाक सोलून निघालं त्याचं. आमचा रिवाज सोपा. नव्या नागाचं तोंड दोऱ्याने शिवायचं आणि मरेपर्यंत खेळवायचा. दोन महिन्यांत मेला, की दुसरा.

बुजमाने सुई हातात घेतलीच नाही.

“आधी त्याला निवांत होऊ दे,” तो म्हणाला.

“कर बाबा, बाळंतपण कर त्याचं!” आमचा म्होरक्या बा अल्लाल खिदळला. “पाळणा पण बांध!”

बुजमाने नाग घरी नेला. अरुंद तोंडाच्या मातीच्या रांजणात ठेवला, आत स्वतःचा घामट सदरा घातला, वरून फडकं टाकलं आणि दहा दिवस डोकावलासुद्धा नाही. बायको तामू, तिला त्या कोपऱ्यात मसाला कुटायची बंदी. मग तो उंदीर टाकून निघून जायला लागला. मग रांजण आडवा करून बाजूने हात. वरून कधीच नाही, कारण वरून येतो तो ससाणा, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या आठवड्यात नागाने पहिला उंदीर खाल्ला. पुढे तर तो आपणहून बुजमाच्या हातावर चढायचा आणि जेलाब्याच्या, म्हणजे आमच्या पायघोळ झग्याच्या, रुंद बाहीत शिरून झोपायचा.

“माझ्याशी इतकं हळू वागला असतास ना,” तामू म्हणाली, “तर मीही चार घास जास्त खाल्ले असते.”

मग बुजमा त्याला चौकात घेऊन आला. सनई सुरू झाली, मी डफ घुमवला. नागाने जीभ लवलवली, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ बाहीत गेला. परदेशी पाहुणे कॅमेरे खाली करून दुसऱ्या घोळक्याकडे वळले. असं चार दिवस चाललं.

“फणा नाही तर ती दोरी आहे लेका,” बा अल्लाल म्हणाला. “शनिवारपर्यंत उभा कर, नाहीतर चटई गुंडाळ. तुझ्या बापाची जागा दुसऱ्याला देतो.”

“फणा म्हणजे राग नसतो बा. भीती असते. याची गेली.”

“मग परत आण.”

बुजमाचं वय त्रेपन्न, आणि दुसरं काही येत नाही. शुक्रवारी त्याने शेजारच्या भट्टीवरची तापलेली सळई आणली आणि नागाच्या शेपटीला टेकवली. नाग तडफडला आणि ज्याने चटका दिला त्याच्याच बाहीत लपला. बुजमाने ओढून काढला. पुन्हा सळई. पुन्हा बाहीत. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. बुजमा रडत होता. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

“बाही शिव,” बा अल्लाल म्हणाला.

तामूने सुई घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा बुजमानेच आपल्या दोन्ही बाह्या मनगटाशी घट्ट शिवल्या.

शनिवारी सळई लागताच नाग उजव्या बाहीकडे धावला. टाक्यांवर नाक घुसवलं, पुन्हा घुसवलं. डाव्या बाहीकडे गेला. तिथेही टाके. बुजमाच्या गुडघ्यांभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि परत उजवीकडे आला. बुजमा हलला नाही. मग नाग हातभर मागे सरकला आणि उभा राहिला. एवढा रुंद फणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. गर्दी पुढे रेटली, टाळ्या पडल्या, आणि मी डफ असा बडवला की बोटं सुजली. नाग मात्र एकट्या बुजमाकडे बघत होता.

“पीराची कृपा!” म्हणत बा अल्लालने बुजमाच्या कपाळाचा मुका घेतला. जागा पक्की झाली.

आता सळई लागत नाही. बुजमाने नुसता हात पुढे केला, की नाग उभा राहतो.