केळीच्या घडावर शिकलेला ज्यूदो

जळगावच्या ज्यूदोच्या क्लासमध्ये मुलींत सगळ्यात वजनदार मीच. ऐकायला बरं वाटतं, पण खरं सांगू? नुसता वैताग होता. मला खांद्यावरून फेकायचा डाव पक्का करायचा होता, आणि बाकीच्या चिमण्या हात लावला की आपणहून पडायच्या, वर खी खी हसायच्या! धुळ्याच्या स्पर्धेत एक तगडी मुलगी येणार, कुणाला ऐकत नाही, असं कानावर आलं होतं. तिला हरवलं तरच राज्य स्पर्धेला जाता येणार होतं. आणि मला जायचंच होतं.

तेवढ्यात असोद्याला, आमच्या शेतात, केळीची कापणी सुरू झाली आणि माझी ट्यूब पेटली. घड! तो आपणहून पडत नाही, हसतही नाही. कापणाऱ्याने घड कापला की मी पाठ वळवायची, गुडघ्यांत वाकायची, तो खांद्यावर घ्यायची आणि बांधावर नेऊन पानांवर उतरवायची. तेही ज्यूदोचा पांढरा पोशाख घालून, काय तो उत्साह! चिकाचे काळे डाग पडले, ते आजही आहेत. मजूर बायका म्हणायच्या, "माय वं, या पोरीले झालं तरी काय!" आणि आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एकच पालुपद: "अलगद ठेव! दणका बसला का माल काळा पडते. व्यापारी हात लावत नाही."

धुळ्याला ती तगडी समोर आली. माझे डाग बघून तिने नाक मुरडलं. मी वळले, वाकले, तिला खांद्यावर घेतलं, आणि अलगद खाली ठेवली. कुशीवर. डोकंबिकं सांभाळून! अख्खा हॉल फिदीफिदी हसला. पंचांचा हात हलेना. जोरात पाठीवर पाडल्याशिवाय गुण कुठला? ती उठता उठता चक्क म्हणाली, "थँक्यू."

माझं डोकंच सटकलं. पुन्हा वळले, पुन्हा उचलली, पुन्हा अलगद! हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मग तिनेच मला पाडून अर्धा गुण घेतला. वेळ संपत आली, मला रडू फुटायला लागलं. तोच प्रेक्षकांतून आबा, अख्खा हंगाम अलगद अलगद करणारे आबा, खुर्चीवर चढून ओरडले, "अवं पोरी, तो घड नाही! आपट तिले!"

आपटली. असा धप्प आवाज झाला की मीच दचकले. पूर्ण गुण! मी जागच्या जागी नाचायला लागले. आबा मात्र धावत थेट तिच्याकडे गेले. "लागलं का गं बाई?" म्हणत तिच्याभोवती फिरून बघायला लागले, उतरवलेल्या घडाभोवती फिरतात तसे.

ती छताकडे बघत पडली होती आणि हसत होती. वेडी की काय! मी हात दिला, तर तो सोडेचना.

"दर रविवारी धुळ्याला येशील का?" ती म्हणाली. "अगं, आमच्या क्लासमध्ये मला पाडणारं कुणीच नाही."