मॅगझिनखालचा मासा

तौनोचा हात थरथरतो, ही कुजबुज सुरू झाली सौनाच्या, गावाच्या वाफेच्या न्हाणीच्या, बाकावर. काइनूच्या जंगलगावात उघडे बसलेले बाप्ये जे बोलतात ते ऐकून चर्चच्या दारातल्या बायाही लाजतील. कुणी म्हणालं दारू, कुणी म्हणालं वय. दुकानातल्या बाईनं तर त्याच्या हातून साखर सांडलेली पाहिली होती. पुडीच फाटकी होती, पण ते ऐकायला कोण थांबतं?

निमित्त घडलं होतं मूसच्या, सांबराहून थोराड अशा जनावराच्या, शिकारीत. काळ्या दलदलीजवळचा नेम धरून बसायचा ठिय्या एकतीस वर्षं तौनोचा. हाकाऱ्यांनी मोठा नर नेमका त्याच्यापुढं आणला. पहिली गोळी जरा मागं लागली. त्यानं रायफलचा बोल्ट, काडतूस नळीत ढकलणारा दांडा, ओढला, ढकलला, चाप दाबला, तर नुसतं टक. दुसरं काडतूस वर आलंच नव्हतं, बोल्ट त्या काडतुसाच्या वरूनच सरकून गेला होता. जखमी जनावर दोन दिवसांनी सापडलं, तेही कावळ्यांमुळं.

शिकारप्रमुख उर्पो सगळ्यांसमोर म्हणाला, "तू बोल्ट पुरता मागं ओढत नाहीस, तौनो. पुढच्या वर्षी हाक्यात चल. नाहीतर कॉफी उकळ."

ठिय्या मिळाला शेजारच्या आर्वीला. दोघांच्या रायफली एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या, जुळ्या बहिणीच जणू.

हिवाळाभर तौनो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. दारू नसलेली खोटी काडतुसं भरायची आणि बोल्ट ओढायचा, आधी हळू, मग जोरात. बायको लेंपी म्हणायची, "माझ्याशी एवढा वेळ कधी बसला नाहीस." बोल्ट शेवटपर्यंत मागं येत होता. पहिलं काडतूस जायचं, दुसरं मान खाली घालून बसायचं. बोल्ट साफ केला, काडतूस वर चढायची वाट तपासली, सगळं ठीक. अखेर मॅगझिनचा, काडतुसं भरायच्या पेटीचा, तळ उघडला. आतली स्प्रिंग तुटकी, तांब्याच्या तारेनं बांधलेली. असलं काम तौनोनं जन्मात केलं नव्हतं. त्यानं तळ उलटून पाहिला. रायफल घेतली त्याच रात्री खिळ्यानं त्यानं तिथं एक मासा कोरला होता. या तळावर मासा नव्हता.

शिकारीच्या झोपडीत शिरताना प्रत्येकानं मॅगझिन काढून लांब टेबलावर ठेवायचं आणि मगच सौनात जायचं, हा नियम. आर्वी सौनातून नेहमी सगळ्यांआधी बाहेर यायचा. उकाडा सोसत नाही म्हणायचा.

वसंतात झोपडीच्या डागडुजीला सगळे जमले तेव्हा तौनोनं त्याला गाठलं. "तुझ्या मॅगझिनचा तळ दाखव."

"हरवलं ते. नवीन घेतलं," आर्वी छताला खिळे ठोकत म्हणाला. "हात थरथरायला लागला की माणूस टेबलावरही चोर शोधतो."

वरचे सगळे हसले. उर्पोही हसला. तौनो कॉफीच्या भांड्याकडं वळला. पुढची अकरा वर्षं तो त्याच लोकांसाठी कॉफी उकळत राहिला. तीही कडू, मुद्दाम करतो म्हणे.

आर्वी वारल्यावर त्याची बायको हिल्का बिस्किटांचा एक डबा घेऊन आली. "हे तुझं असेल," एवढंच म्हणाली आणि कॉफी न घेता निघून गेली. तौनोची नजर तोवर गेली होती. त्यानं डब्यातल्या मॅगझिनच्या तळावरून अंगठा फिरवला आणि मासा ओळखला.

तौनोचा हात कधीच थरथरला नव्हता. आर्वीनं मॅगझिन बदललं होतं.