माह्या रडण्याचा व्हिडिओ

पाटलीणबाईनं भर मांडवात माह्या हातातून नवरीचा हात ओढला. बांगडी आंगठ्याच्या हाडावर अटकून होती. तडकली. तिच्याच पोरीच्या हातातून रगत आलं.

मी मुसलमान मन्यारीण. बार्शीटाकळीच्या आजूबाजूच्या खेड्यायत बांगड्या भरण्यात जलम गेला. त्या घरी सासूले मी भरल्या, सुनेले मी भरल्या. बांगड्या भरून झाल्या का बाई मन्यारणीले वाकून नमस्कार करते, असा रिवाज आहे. ही पाटलीणबाई सोता नवरी होती तवा माह्या पायाशी वाकली होती.

आदल्या दिवशी दूर कुठंतरी बाजारात स्फोट झाला होता. लय माणसं मेली. टीव्हीवर तेच चालू.

पाटलीणबाई म्हणे, "आधी सांग, त्या मारणाऱ्यायले तू काय म्हणतं?"

मी म्हटलं, बाई, मेलेल्यायसाठी रडू येते.

"रडू नाई विचारलं. तू कोणाच्या बाजूनं, ते सांग."

कोणीतरी बोललं, हिच्या टोपलीत हात घालून पाहा, बांगड्याच आहेत का आणखी काही. सगळ्या हासल्या. नवरी हासली नाई. तिची मान खाली होती. मी काचा येचल्या अन् निघाली.

घरी बहिणीचा पोरगा बसला होता. अमरावतीले मोबाईलच्या दुकानात कामाले. बहीण मजुरीले जाये तवा हा माह्या मांडीवर वाढला. त्याले सांगतलं. सांगता सांगता डोये भरून आले. वाटलं, हा आपल्या खालाच्या, मावशीच्या पाठीवर हात ठेवन. त्यानं मोबाईल काढला.

"खाला, फिरसे बोलो. रोना आया तो रोको मत."

मले समजलं नाई. मंग तोच सांगत बसला. असे व्हिडिओ पोट्ट्यायले दाखवायचे. त्यायचं डोकं तापवायचं. आमच्या मोहल्ल्यातले दोन पोट्टे तयार होते, पुढच्या हप्त्यात त्यायले कुठंसं घेऊन जायचं होतं. स्फोट करणाऱ्यायले तो अपने लोग म्हणे. म्हणे, ते तुमच्यासारख्या मायायसाठीच मरून राहिले.

माह्यासाठी. टीव्हीवर चादरीबाहेर एका बाईचा हात दिसला होता. हिरव्या बांगड्या. एकही फुटली नव्हती. कोण्या मन्यारणीनं चांगलं माप घेऊन भरल्या असतीन.

मी त्याले विचारलं, "मैंने कब बोला था उनको?"

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मंग म्हणे, तुमी लोक डरपोक.

"मेरे नाम से किसी को मत मार," मी म्हटलं. तो हासला. अगदी मांडवातल्या बाया हासल्या तसा.

सकाळी नमाज पढून मी त्या दोन पोट्ट्यायच्या घरी गेली. त्यायच्या मायायले सांगतलं. त्या दोघी, त्यायचे मालक, मशिदीतले दोन म्हातारे, सगळे संगं निघाले. ठाण्यात नाव मी घेतलं. सगा भाचा, म्हणून घेतलं. कागदावर आंगठा लावला. बाहेर आली तं बहीण पायरीवर बसलेली. तिनं माह्याकडे पाह्यलं. बोलली नाई. अजून बोलत नाई. ईदले शिरखुर्मा धाडला, भरला डबा वापस आला.

मंग पाटलीणबाईचा निरोप आला. म्हणे, तू बाकीच्यायसारखी नाई निघाली. ये, धाकटीले बांगड्या भर. निरोप आणणारीले मी म्हटलं, "सांगजो त्यायले, मी बाकीच्यायसारखीच आहे. ठाण्यात माह्यासंगं बाकीचेच आले होते."

त्या घरी मी पाय ठेवत नाई.

आता कोर्टात साक्ष आहे. बहिणीनं शेजारणीहाती सांगून धाडलं, आठवत नाई म्हणजो, पोरगा सुटन. मी रातभर रडली. त्याचं पह्यलं पाऊल मले आठवते. त्याचा पह्यला रोजा आठवते. अन् त्या दिवशी तो काय काय बोलला, तेही आठवते.

सगळंच आठवते. मी सांगीन.