नावावर ठेवलेला हात

तळमजल्यावरच्या काकू अख्ख्या बिल्डिंगची पार्सलं घेऊन ठेवतात. कानाशी धरून हलवतात आणि विचारतात, “काय मागवलं वं?” मला त्यांचा रागच यायचा.

केमोनंतर मी ऑनलाइन केसांचा विग मागवला. आजाराचं शेजारीपाजारी कुणालाच सांगितलं नव्हतं. पार्सल आणायला गेले, तर काकूंकडे बायका बसलेल्या आणि फाटक्या पाकिटातून केस बाहेर आलेले.

“कोणाचं हाये हे?” एकीनं विचारलं.

काकूंनी माझ्या स्कार्फकडे पाहिलं आणि पाकिटावरच्या नावावर हात ठेवला. “माह्यं. पुतणीच्या लग्नात मिरवाचं हाये मले.”

बायका खूप हसल्या.

संध्याकाळी काकू पाकीट घेऊन वर आल्या. “घालून पाह्य. मी नाही पाहत,” म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी हाक मारेपर्यंत वळल्या नाहीत.