मांसाहाऱ्यांची पेटी

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या खोलीतल्या कपाटावर माझी दातांची पेटी तशीच राहून गेली होती. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांना एकटं ठेवायचं नाही, एवढं आम्ही नवराबायकोने ठरवलं होतं. त्या इथे रमतील की नाही, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

पेटीत मांसाहारी डायनोसॉरांचे दात आहेत. बहुतेक जीवाश्मांच्या बाजारात घासाघीस करून घेतलेले. एकच मी स्वतः शोधलाय, हार्त्स डोंगराच्या पायथ्याच्या एका खाणीत, रीतसर परवानगी काढून आणि गुडघे सोलवटून. करंगळीच्या नखाएवढा आहे. त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आहेत, नख फिरवलं की अजून जाणवतात. ते जाणवले की माझा दिवस चांगला जातो. ‘तू एखाद्या डेंटिस्टशी लग्न करायला हवं होतंस,’ असं नवरा म्हणतो. स्वतः मात्र शनिवारची अख्खी सकाळ गाडी पुसत बसतो.

सासूबाईंनी पेटी उघडली आणि दारातूनच हाक मारली, “अगं, मेलेल्यांचे दात घरात? आणि मी झोपायचं तिथे?”

मी पेटी दिवाणखान्यात हलवली. तेही चालेना. “घरातच नको गं. मेलेल्याचं काही ठेवलं की जीव अडकून राहतो म्हणतात.” जेवताना तेच, चहा घेताना तेच. कोट्यवधी वर्षांनीही कुणाचा जीव अडकून असेल तर त्याच्या चिकाटीला कोपरापासून नमस्कार, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“केलरमध्ये ठेव ना,” नवरा म्हणाला. आमचं तळघर म्हणजे ओल आणि सायकली. मी साफ नाही म्हटलं. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मग मला परतीचं तिकीट काढून द्या.”

आता आली का पंचाईत! दुसऱ्या दिवशी नवरा ऑफिसला गेल्यावर मी पेटी घेऊन त्यांच्याशेजारी बसले. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच बसले होते.

“आई, हे बघा. हे प्राणी मेले म्हणून दात पडले, असं नाही. ह्यांचे दात आयुष्यभर पडायचे आणि नवे यायचे. शिकार खाता खाता एखादा निसटायचा. हा माझा दातही तसाच, मुळाशिवायचा. हा पडला तेव्हा ते जनावर चांगलं जेवत होतं.”

त्यांनी दात तळहातावर घेतला. उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे जिवंतपणीच तोंडातून निघालेला?”

“हो.”

“मग असं ठेवलेलं चालतं?”

“गेनाऊ,” माझ्या तोंडून सवयीने गेलं. “म्हणजे, अगदी बरोबर. चालतं, आई.”

त्या उठल्या आणि त्यांची पर्स घेऊन आल्या. ही पर्स त्या आल्यापासून स्वयंपाकघरातसुद्धा बरोबर नेत होत्या. तिच्यातून स्टीलची छोटी डबी निघाली, डबीतून रुमाल, आणि रुमालातून सासऱ्यांची कवळी.

“ऑपरेशनला आत नेताना नर्सने काढून माझ्या हातात दिली,” त्या म्हणाल्या. “ते बाहेर आलेच नाहीत. कपडे वाटले, चष्मा दिला. ही कोण घेणार? अस्थींबरोबर सोडायला गेले, तर मूठच उघडेना. ठेवावी तर त्यांचा जीव अडकेल म्हणून भीती वाटते.” मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “ही पण जिवंतपणीच निघाली ना गं?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतके दिवस मी समजत होते, ह्यांना माझे दात खुपतात. मला रडू कोसळलं. मग दोघींनी मिळून रडून घेतलं. त्यानंतर मी पेटीतल्या सगळ्यात मोठ्या खणातला सगळ्यात मोठा दात काढून बाजूला ठेवला. त्या खणात त्यांनी स्वतः कापूस अंथरला.

दुपारी मुलगी शाळेतून आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. पेटीत डोकावून तिने विचारलं, “आजी, आउख आइन फ्लाइशफ्रेसर?”

“हाही मांसाहारी का, असं विचारतेय,” मी सांगितलं.

आमच्या घरात अंडंसुद्धा सासूबाईंच्या नजरेआड शिजतं. त्या ठामपणे ‘नाही’ म्हणणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी कवळीकडे पाहिलं आणि त्या इथे आल्यापासून पहिल्यांदाच हसल्या.

“रविवारी मित्राकडून आले की आधी मोरीत जाऊन ही घासायचे. खसाखसा. त्यांना वाटायचं, मला कळत नाही.” त्यांनी पेटीचं झाकण हलकेच लावलं. “राहू दे इथेच. त्यांच्यातलेच आहेत.”