सखूबाईला गेट, रहीमला इंजिन

गेटवर नंबरावरून गाडीवाल्यांत पुन्हा चाबूक चालले आणि वालूरच्या गाड्या भरल्या कापसासकट शेजारच्या जिनिंगकडे वळल्या. शेठनी ते गच्चीवरून पाहिलं. खाली येऊन मला म्हणाले, “मॅनेजर, त्या चौकीदार रहीमला आजच बरखास्त करा. आणि त्या सखूबाईलाही. तिच्या बडबडीनं सगळ्या बायकांचे हात थांबतात.”

निजामाच्या अमलातली ही गोष्ट. सेलूच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी मॅनेजर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं. यंत्रांपुढे उभ्या राहून बायका कापूस टाकायच्या. गेटवर चौकीदार गाड्यांची रांग लावायचा. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे वळलं की त्या हंगामात परत येत नसे.

रहीम उंच, धिप्पाड. म्हणूनच त्याला गेट दिलं होतं. पण गाडीवाले अंगावर ओरडले की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. संधी मिळाली की तो इंजिनघराच्या दारात जाऊन उभा राही. फिरते पट्टे बघताना त्याला कशाचंच भान नसे. सखूबाईचं उलट. यंत्रापुढे तिला कोंडल्यासारखं व्हायचं. पाथरीपर्यंतच्या गावांतली निम्मी माणसं मात्र तिच्या ओळखीची होती.

“शेठ, काढायला नको. मी दोघांच्या जागा बदलतो.”

“गेटवर बाई? लोक हसतील!”

“हसू द्या. गाड्या थांबल्याशी मतलब.”

“बाजाराच्या दिवसापर्यंत बघतो. नाही जमलं, तर तुमचाही विचार करावा लागेल.”

सखूबाई लगेच तयार झाली. रहीम दुखावला. “साब, मेरा डंडा कायकू लिया? चोरी किया क्या मैं?”

मी त्याला बेअरिंगपाशी नेलं. फिरता दांडा ज्यावर टेकतो, ते बेअरिंग. “हे तेलावाचून तापलं आणि उडता कापूस यावर बसला, की आग. अख्खी फॅक्टरी तुझ्या हातात देतोय.” चौकीदाराचा कोट काढून त्यानं खुंटीला अडकवला आणि तेलाचा डबा उचलला.

बाजाराच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली. तेवढ्यात आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक, एक देशमुख, आपल्या गाड्या थेट गेटात घुसवू लागले. सखूबाई बैलांपुढे उभी राहिली.

“मालक, गाड्या मागं घ्या.”

“मला ओळखत न्हाईस का?”

“लय चांगली वळखते. रांगेत तुमच्याच गावची माणसं हायती. त्यांच्या म्होरं घुसलेलं तुमाला शोभंल का? सावलीत बसा. बैलांना पाणी मी दावते.”

देशमुखांनी रांगेकडे पाहिलं. सगळे त्यांच्याचकडे बघत होते. “फिरव रे गाड्या,” ते गडीमाणसाला म्हणाले आणि कडुलिंबाखाली जाऊन बसले. मग सखूबाईशी गावाकडच्या गप्पा मारत त्यांनी चहाही घेतला.

त्या हंगामात आमच्या गेटवरून गाडी परत गेली नाही. रहीम तेलवाला झाल्यापासून इंजिन बंद पडणंही कमी झालं. सुट्टीच्या दिवशीही तो यंत्रं पुसायला यायचा. शेठ पाहुण्यांना सांगायचे, बाईला गेटवर ठेवायची अक्कल आमची. मी कधी खोडून काढलं नाही.

पुढे जिथं नोकरी केली तिथं कुणाला काढायची वेळ आली की मी आधी त्याचं काम बदलून पाहिलं. दर वेळी जमलं असं नाही. काही माणसं कुठंच बसत नाहीत. पण मालकांना वाटतं तितकी ती नसतात.