उजव्या चौकटीवरची नळी

घरमालकीण एस्तेरमावशी आल्या. आत शिरताना त्यांचा हात सवयीनं दाराच्या उजव्या चौकटीकडे गेला आणि मग बोटं ओठांकडे. पण चौकट रिकामी होती. त्यांच्या वडिलांनी ठोकलेली, पोटात प्रार्थनेची गुंडाळी असलेली पितळी नळी मी रंगकामात उपटून खिळ्यांच्या डब्यात टाकली होती.

"रंग छान झालाय हो," एवढंच त्या म्हणाल्या.

समुद्रात सारं गमावून यांचे यहुदी पूर्वज कोकणात आले म्हणतात. भाषा बदलली, लुगडं आलं, पण दारावरची ही प्रार्थना राहिली. ती माझ्या हातून गेली.

त्या गेल्यावर नळी शोधून चौकटीपाशी उभा राहिलो. सरळ होती की तिरकी? चार वर्षं त्याच दारातून ये-जा करूनही मला आठवेना.